एक शेपटी, दोन शेपट्या

उल्हासनगरच्या कॅम्प ५ मध्ये जीन्स नुसती शिवली जात नसे. ती धुऊन, घासून, विटवून मुद्दाम जुनी केली जाई. या धुलाईचं पाणी वर्षानुवर्षं नाल्यांतून वालधुनी नदीत जात राहिलं, कधी निळं, कधी काळं आणि वर फेस. पुढे कारवाई झाली, बरेच कारखाने बंद पडले किंवा आसपासच्या गावांकडे सरकले. अंबरनाथच्या १०६० सालच्या शिवमंदिराशेजारून येणाऱ्या या नदीत आपल्याला खुपतो तो रंग. माशाला मात्र डिटर्जंटही तितकाच घातक. कारण त्याचा रेणू ज्या धाटणीचा, त्याच धाटणीच्या रेणूंनी माशाच्या कल्ल्यांतली प्रत्येक पेशी वेढलेली असते.

डिटर्जंटच्या रेणूचं डोकं पाण्याकडे धावतं आणि तेलकट शेपटी पाण्यापासून पळते. पेशीपटल ज्यांचं बनतं त्या फॉस्फोलिपिडचंही तसंच, फक्त शेपट्या दोन: डोक्यात फॉस्फेट, मध्ये ग्लिसरॉल, खाली मेदाम्लांच्या दोन साखळ्या. फरक एका शेपटीचा, पण सगळं त्यावर ठरतं. एकशेपटी रेणू गाजरासारखा, डोक्याकडे रुंद आणि खाली निमुळता. असे रेणू शेपट्या आत करून जमले की इवलासा गोळा होतो. तेलकट डाग त्यातच अडकून कपड्यावरून निघतो. दोन शेपट्यांचा रेणू वरपासून खालपर्यंत साधारण सारख्याच जाडीचा. त्यांचा गोळा होत नाही, सपाट थर होतो. तोही दुपदरी: शेपट्या आत, डोकी दोन्हीकडच्या पाण्याला लागून. कडा उघड्या राहिल्या तर शेपट्या भिजतील, म्हणून थर वळून स्वतःला मिटून घेतो. पेशीचं ‘आत’ आणि ‘बाहेर’ तिथून सुरू होतं.

हे दोन पदर पहिल्यांदा मोजले ते नेदरलँड्समधल्या गॉर्टर आणि ग्रेंडेल यांनी, १९२५ मध्ये. तांबड्या पेशींतला मेद काढून त्यांनी पाण्यावर एकपदरी पसरला, तर क्षेत्रफळ पेशींच्या पृष्ठभागाच्या दुप्पट भरलं. गंमत अशी, की त्यांनी मेदही पूर्ण काढला नव्हता आणि पेशींचं क्षेत्रफळही कमी धरलं होतं. दोन चुकांनी एकमेकींना खोडलं आणि उत्तर बरोबर आलं!

असं हे पटल जेमतेम ५ नॅनोमीटर जाडीचं. एका मिलिमीटरमध्ये दोन लाख पटलं बसतील. शेजारच्या रेणूंना बांधणारा रासायनिक बंध त्यात नाही. पाणी शेपट्यांना बाजूला सारतं, त्या रेट्यावर ते उभं असतं. त्यामुळेच ते वाहतं: एकेक फॉस्फोलिपिड सेकंदाला लाखो वेळा शेजारी बदलतो. पण मदतीविना एका पदरातून दुसऱ्यात उलटायला त्याला तास, कधी दिवस लागतात, कारण डोकं तेलकट गाभ्यातून न्यावं लागतं.

अशा बांधणीत एकशेपटी रेणू घुसले की ती उसवते. घोणशीच्या विषाला तर बाहेरून डिटर्जंट आणावाही लागत नाही. त्यातलं फॉस्फोलायपेज ए-२ हे विकर फॉस्फोलिपिडची एक शेपटी छाटतं. उरतो तो एकशेपटी रेणू, जवळजवळ डिटर्जंटच, आणि तोही पटलातच तयार झालेला.

पटल शाबूत असलं तरी ते सगळंच अडवत नाही. सोडियमच्या आयनावर विद्युतभार असतो. तेलकट गाभ्यात त्याला थारा नाही. त्याला प्रथिनांच्या खास वाटेनेच यावं लागतं. प्राणवायू मात्र सहज आत शिरतो आणि त्याच वाटेने विषारी हायड्रोजन सल्फाइडही. पटल रेणूचा आकार आणि भार पाहतं, हेतू नव्हे. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत हा वायू नुसत्या मेदपटलातून, कोणत्याही प्रथिनाविना पार होताना दिसला.

२०१४ च्या अखेरीस वालधुनीत टँकरमधून बेकायदा रसायन ओतलं गेलं, वायू पसरला आणि उल्हासनगरात शेकडो लोकांना श्वास घेणं कठीण झालं. पण हायड्रोजन सल्फाइडसाठी टँकरच लागतो असं नाही. प्राणवायू संपलेल्या तुंबलेल्या सांडपाण्यात जिवाणू सल्फेटपासून तो तयार करतात. शरीरात गेल्यावर तो पेशीचं पटल ओलांडतो, मग तंतुकणिकेची दोन्ही पटलं, आणि आतल्या पटलात रुतलेल्या साइटोक्रोम ऑक्सिडेज या प्रथिनाला जखडतो. रक्तात प्राणवायू असतो, पेशीला तो वापरता येत नाही. सडक्या अंड्यांचा वास ही त्याची ओळख. पण हवेच्या दशलक्ष भागांत तो शंभर-दीडशे भाग झाला की नाकच बधिर होतं, आणि गटाराच्या चेंबरमध्ये उतरणाऱ्याला वाटतं, वास गेला.