न दिसणाऱ्या शत्रूची शिरगणती

दोस्तांनो, पोत्यातले तांदूळ मोजा म्हटलं तर तुम्ही काय कराल? मूठभर घ्याल, ते मोजाल आणि अख्ख्या पोत्याचा अंदाज बांधाल. पण दाणे डोळ्यांना दिसतच नसतील तर? एचआयव्हीचा विषाणू असाच. एका मिलिमीटरच्या रेघेवर हे विषाणू ओळीनं उभे केले, तर आठ-दहा हजार सहज मावतील!

हा पाहुणा रक्तातल्या सीडी-४ नावाच्या पांढऱ्या पेशींत घुसतो. या पेशी म्हणजे शरीराच्या सैन्याचे सेनापती. त्यांनाच राबवून तो स्वतःच्या नकला काढून घेतो. एआरटीच्या गोळ्या हा नकलांचा कारखाना बंद पाडतात. पण गोळ्या लागू पडताहेत की नाही, हे कळणार कसं? माणूस वरून ठणठणीत दिसतो आणि आत विषाणू वाढत असतो. म्हणून एक मिलिलिटर रक्तद्रवात विषाणूच्या किती प्रती आहेत, ते मोजतात. हाच 'व्हायरल लोड'.

मोजण्याची युक्ती मात्र भन्नाट आहे, बरं का! अमेरिकेतल्या कॅरी म्युलिस यांना ती १९८३ मध्ये सुचली आणि १९९३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. तिचं नाव पीसीआर. विषाणूतल्या आरएनएचा आधी डीएनए करून घ्यायचा. मग यंत्रात तो तापवायचा, निववायचा, पुन्हा तापवायचा. दर फेरीला दुप्पट! एकाचे दोन, दोनाचे चार... तिसाव्या फेरीला शंभर कोटींच्या वर. (खोटं वाटतं? वहीत करून बघा.)

पण सगळ्यांचेच कोटी झाले, तर मुळात किती होते हे कसं कळायचं? खरी गंमत इथंच आहे. नळीत एक चमकणारं रसायन असतं. डीएनए पुरेसा वाढला की यंत्राला ती चमक दिसते. ज्या रक्तात विषाणू जास्त, ते लवकर चमकतं. दसपट जास्त असतील तर साधारण तीन-साडेतीन फेऱ्या आधी. मग काय, फेऱ्या मोजायच्या आणि उलटा हिशेब मांडायचा!

औषध नसेल तर हा आकडा लाखांत जाऊ शकतो. रोज नेमानं गोळी घेतली, तर बहुतेकांचा काही महिन्यांत इतका उतरतो की यंत्रालाही सापडत नाही. अशा माणसाकडून जोडीदाराला लैंगिक संबंधातून लागण होत नाही, हे आईबाबांनीही लक्षात घ्यावं. मग विषाणू संपला का? छे! काही पेशींत तो झोप घेत दडून बसतो. गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत पुन्हा हजर.

आपल्याकडे सरकारी केंद्रांत एआरटी एप्रिल २००४ पासून मोफत मिळू लागली आणि ही तपासणी सगळ्यांसाठी २०१८ पासून.

तुमच्या वयाची काही मुलंही या गोळ्या घेतात. काहींना हा विषाणू जन्मतःच आईकडून आलेला असतो. एका बाकावर बसून, डबा वाटून खाऊन तो पसरत नाही. एचआयव्ही आहे म्हणून शाळेनं प्रवेश नाकारायला तर २०१७ च्या कायद्यानं मनाईच केलीय. तरी "कसली रे गोळी?" या प्रश्नाला भिऊन सहलीत कुणी गोळी चुकवतो. असं वारंवार झालं की आकडा वर सरकतो. तो हजाराच्या पुढं गेला, तर डॉक्टर लगेच औषध बदलत नाहीत. आधी मुलाशी बोलतात: गोळी कधी चुकते, का चुकते? मग तीनेक महिने नेमानं गोळ्या आणि पुन्हा रक्त. पुष्कळदा तेवढ्यात आकडा परत खाली आलेला असतो.