गोदामाची जमीन आणि तिचा लेप

धान्याच्या व्यापारात भावाची चिंता सर्वांसच असते. परंतु माल ज्या जमिनीवर ठेवावयाचा तिची आठवण थप्पीतील तळचे पोते कुबट निघाल्यावाचून सहसा कोणास होत नाही.

भोपाळच्या आसपास काळी माती पुष्कळ. ती पावसाळ्यात फुगते व उन्हाळ्यात आकसते. तिच्यावरील कोब्यास त्यामुळे चिरा पडतात, आणि जमिनीतील ओलही वर चढते. साठवणीच्या गव्हात ओलावा 12 टक्क्यांच्या आत असावा. तो 14 च्या वर गेला की बुरशीस वाट मिळते. शिवाय चिरांत खपऱ्याच्या अळ्या दडतात व अन्नावाचून दीर्घकाळ तग धरतात. चिराच नसतील तर कीड मारण्याचे प्रसंगही कमी येतात, हे आपल्या समाजास निराळे सांगावयास नको.

हल्ली एपॉक्सीच्या लेपाची फार वाखाणणी होते. ती रास्तच आहे. परंतु आमच्या एका स्नेह्यांनी कोरड्या दिसणाऱ्या कोब्यावर फेब्रुवारीत तो देवविला, आणि श्रावणात त्यास फोड येऊन हातगाडीच्या चाकांखाली पापुद्रे सुटू लागले. दोष रंगाचा नव्हता. लेप वरचे पाणी अडवितो. खालून येणारी वाफ मात्र त्यासच उचलते.

म्हणून परीक्षा पावसाळ्यात घ्यावी व लेप हिवाळ्यात द्यावा. ऑगस्टमध्ये दीड हात चौरस प्लास्टिकचा तुकडा कोब्यावर चारी बाजूंनी चिकटवून एक दिवसरात्र ठेवावा. उचलल्यावर खाली थेंब किंवा काळसर डाग दिसल्यास लेपाचा विचार सोडावा. तेथे कोबा उखडून दगडी सोलिंग, त्यावर वाळू, 250 मायक्रॉन जाडीचे पॉलिथिन व मग नवे काँक्रीट, हाच उपाय. खर्च मोठा आहे, पण एकदाच आहे. नव्या काँक्रीटवर निदान 7 दिवस पाणी मारावे, आणि 28 दिवसांपूर्वी लेपाचे नाव काढू नये.

जागा कोरडी निघाल्यास सोयाबीन उचलले गेल्यावर व नवा गहू येण्यापूर्वी, जानेवारी-फेब्रुवारीत, काम हाती घ्यावे. कोब्यावरील सिमेंटची दुधी साय घासयंत्राने काढावी. कंत्राटदार याच कामात हात आखडतात, तेव्हा मालकाने स्वतः उभे राहावे. मालमोटार आत येते तेथील तेलाचे डाग सोड्याने धुवावे, चिरा भराव्या, धूळ पूर्ण उचलावी. पाण्याचा थेंब टाकून पाहावा: तो मुरला तर जमीन सिद्ध झाली, मण्यासारखा उभा राहिला तर पुन्हा घासावी.

राळ व तिचा घट्टक मापानेच मिसळावे, आणि अर्ध्या तासात पसरेल तितकेच. अस्तर व त्यावर दोन हात पुरेत. दुसऱ्या दिवशी चालता येते. पोती मात्र 7 दिवसांनीच आणावी, तीही लाकडी फळ्यांवर. त्याच वेळी भिंतीपासून दोन फुटांवर पांढरी रेघ ओढून घ्यावी, म्हणजे हमाल थप्पी भिंतीस टेकवीत नाहीत.