बिंगोच्या आकड्यांची टोपणनावे आणि त्यांमागील इतिहास

ब्रिटनमधील बिंगोच्या सभागृहात ८८ हा आकडा निघाला की पुकारणारा ‘टू फॅट लेडीज’ म्हणजे ‘दोन लठ्ठ बायका’ असे म्हणतो. २२ निघाला की ‘टू लिटल डक्स’ असा पुकारा होतो आणि खेळाडू बदकांच्या आवाजात त्याला उत्तर देतात. भारतात तांबोला अथवा हाउजी या नावाने परिचित असलेल्या या खेळातील अशी टोपणनावे केवळ करमणुकीपुरती नाहीत. सामान्य ब्रिटिश माणसाच्या गेल्या शतकातील जीवनाच्या खुणा त्यांत जपल्या गेल्या आहेत.

या खेळात १ ते ९० हे आकडे वापरले जातात आणि प्रत्येक तिकिटावर तीन ओळींत मिळून १५ आकडे असतात. पुकारा वेगाने होत असल्याने ‘थर्टीन’ आणि ‘थर्टी’ यांसारख्या शब्दांची गल्लत होण्याचा संभव असतो. टोपणनावामुळे ही शंका राहत नाही. मराठीतही एकोणसाठ व एकोणसत्तर ऐकताना असाच घोटाळा होतो. ‘पाच-नऊ, एकोणसाठ’ असे अंक सुटे करून सांगितले की तो टळतो.

काही नावे आकड्याच्या आकारावरून पडली. ११ म्हणजे दोन पाय, म्हणून ‘लेग्ज इलेव्हन’. ८८ आणि २२ यांची नावेही याच प्रकारची. काही ठिकाणी केवळ यमक साधलेले दिसते. ‘थ्री’शी जुळणारे ‘कप ऑफ टी’, ‘फोर’शी जुळणारे ‘नॉक अॅट द डोअर’ आणि ‘एट’शी जुळणारे ‘गार्डन गेट’ ही त्याची उदाहरणे होत.

९ या आकड्याला ‘डॉक्टर्स ऑर्डर्स’ म्हणतात. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्करातील डॉक्टर सैनिकांना ‘नंबर नाइन’ नावाची रेचक गोळी देत असत. तक्रार कोणतीही असो, गोळी बहुधा हीच, अशी सैनिकांची थट्टा होती. हा खेळ तेव्हा सैनिकांत ‘हाउस’ या नावाने लोकप्रिय होता. भारतात रूढ असलेला ‘हाउजी’ हा शब्द त्याच नावाशी नाते सांगतो.

१९६० च्या कायद्याने ब्रिटनमध्ये व्यावसायिक बिंगो क्लबांचा मार्ग मोकळा झाला आणि ही नावे सर्वदूर पोहोचली. २१ ला ‘की ऑफ द डोअर’ म्हणतात, कारण एकविसाव्या वर्षी व्यक्ती सज्ञान मानली जाई आणि तिला घराची किल्ली मिळे. १९६९ च्या कायद्यानुसार १९७० पासून सज्ञानतेचे वय १८ झाले. तेव्हा १८ ला ‘कमिंग ऑफ एज’ हे नाव मिळाले. किल्ली मात्र २१ कडेच राहिली.

६५ ची कथा अशीच आहे. पुरुषांना त्या वयात सरकारी निवृत्तिवेतन मिळत असल्याने या आकड्याला ‘ओल्ड एज पेन्शन’ म्हणू लागले. २०२० मध्ये स्त्री-पुरुष दोघांसाठीही हे वय ६६ झाले आणि २०२६ ते २०२८ या काळात ते टप्प्याटप्प्याने ६७ करण्याची तरतूद कायद्यात आहे. पुकाऱ्यातील निवृत्तिवेतन आता प्रत्यक्षात त्या वयाला मिळत नाही.

काही नावे काळाबरोबर बदलतात. १० या आकड्याचा संबंध पंतप्रधानांच्या १०, डाउनिंग स्ट्रीट या निवासस्थानाशी आहे. मार्गारेट थॅचर यांच्या काळात ‘मॅगीज डेन’, तर टोनी ब्लेअर यांच्या काळात ‘टोनीज डेन’ असा पुकारा होई. १७ ला ‘डान्सिंग क्वीन’ हे नाव मिळाले ते आबा या स्वीडिश गायकवृंदाच्या १९७६ मधील गीतामुळे.

सर्वच नावांचा उगम निश्चित सांगता येत नाही. १ या आकड्याच्या ‘केलीज आय’ या नावाचा संबंध काही जण ऑस्ट्रेलियातील बंडखोर नेड केली याच्याशी जोडतात, तर काहींच्या मते ती सैनिकी बोली आहे.

शरीरावरून केलेली थट्टा आता अनेकांना खटकते. शिवाय संगणकावर खेळल्या जाणाऱ्या बिंगोत आकडा पडद्यावर दिसत असल्याने पुकाऱ्याची गरजही कमी झाली आहे. त्यामुळे काही टोपणनावे मागे पडतील. मात्र लष्करातील गोळी, घराची किल्ली आणि निवृत्तीचे वय यांची आठवण एखाद्या ग्रंथाऐवजी खेळातील दोन शब्दांत इतकी वर्षे टिकून राहिली, हे या पुकाऱ्यांचे खरे महत्त्व होय.