कॉन्टेसा ३२ आणि वेस्टसेल ३२

कॉन्टेसा ३२ आणि वेस्टसेल ३२ या फायबरग्लासच्या दोन छोट्या सागरी शिडाच्या नौका आहेत. पहिली इंग्लंडमध्ये आणि दुसरी अमेरिकेत, १९७० च्या दशकाच्या सुरुवातीस बाजारात आली. दोहोंची लांबी ३२ फूट, म्हणजे सुमारे ९.७५ मीटर आहे. मात्र वेस्टसेलचे वजन कॉन्टेसाच्या दुपटीहून अधिक आहे. छोट्या नौकेने खवळलेल्या समुद्रात तग कसा धरावा, या प्रश्नाची दोन भिन्न उत्तरे म्हणून नौकानयनाच्या अभ्यासात त्यांची तुलना उपयुक्त ठरते.

पार्श्वभूमी

लाकडी नौका बांधताना प्रत्येक फळी स्वतंत्रपणे घडवावी लागते. फायबरग्लासच्या बाबतीत एकदा साचा तयार झाला, की त्यात काचतंतूंचे थर राळेने चिकटवून एकसारखी कवचे पुन्हापुन्हा काढता येतात. या पद्धतीमुळे मध्यमवर्गीय कुटुंबांनाही सागरी प्रवासाची नौका विकत घेणे शक्य झाले.

कॉन्टेसा ३२ चे आरेखन डेव्हिड सॅडलर यांनी केले आणि लिमिंग्टन येथील जेरेमी रॉजर्स यांच्या कारखान्यात ती बांधली गेली. या जोडीने त्यापूर्वी स्कँडिनेव्हियातील ‘फोकबोट’ या नौकेवर आधारित कॉन्टेसा २६ तयार केली होती. कॉन्टेसा ३२ या प्रकारच्या ७०० हून अधिक नौका बांधल्या गेल्या.

वेस्टसेल ३२ ची परंपरा अधिक जुनी आहे. नॉर्वेतील कॉलिन आर्चर (१८३२–१९२१) यांच्या बचाव नौका दोन्ही टोकांना निमुळत्या असत. त्यांच्यावरून अमेरिकन आरेखक विल्यम अ‍ॅटकिन यांनी १९२० च्या दशकात ‘एरिक’ हे ३२ फुटी आरेखन केले. त्याच वळणाची फायबरग्लासची नौका पुढे कॅलिफोर्नियात विल्यम क्रीलॉक यांच्या आरेखनातून साकारली. अशा सुमारे ८०० नौका तयार झाल्या. त्यांपैकी बऱ्याच अर्धवट अवस्थेत विकल्या गेल्या व मालकांनी त्या घरी पूर्ण केल्या. त्यामुळे आतील कामाचा दर्जा नौकेगणिक बदलतो.

‘एरिक’ आरेखनाचा मुंबईशीही संबंध आहे. रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांची सागवानी ‘सुहेली’ ही नौका त्याच आरेखनावरून मुंबईत बांधली गेली. तिच्यातून त्यांनी १९६८–६९ मध्ये ३१२ दिवसांत, कोठेही न थांबता, एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण केली. असा प्रवास करणारे ते पहिले नाविक होत.

मापे

पुढील मापे स्थूलमानाने दिली आहेत.

घटक | कॉन्टेसा ३२ | वेस्टसेल ३२
जलरेषेवरील लांबी | ७.३ मीटर | ८.४ मीटर
रुंदी | २.९ मीटर | ३.३५ मीटर
पाण्याखालील खोली | १.७ मीटर | १.५ मीटर
एकूण वजन | ४,३०० किलोग्रॅम | ८,८५० किलोग्रॅम
नीरम | २,०४० किलोग्रॅम | ३,१७५ किलोग्रॅम

नीरम म्हणजे नौका कलंडू नये म्हणून तळाशी ठेवलेले वजन. कॉन्टेसामध्ये ते एकूण वजनाच्या सुमारे ४७ टक्के, तर वेस्टसेलमध्ये सुमारे ३६ टक्के आहे.

रचना व वेग

कॉन्टेसा अरुंद असून तिचे कवच पाण्यालगत राहते. तिच्या तळाचा कणा मध्यभागी व आखूड आहे. त्यामुळे ती चटकन वळते आणि वाऱ्याच्या दिशेकडे तिरकस वाटेने चांगली चढते. याची किंमत म्हणजे आतील जागा कमी पडते व उसळत्या समुद्रात तुषारांनी नाविक भिजतात. वेस्टसेलचा कणा जवळजवळ पूर्ण लांबीचा आहे. त्यामुळे ती आपली दिशा धरून राहते आणि लाटांवर सावकाश हिंदकळते. तिच्या पोटात अनेक महिन्यांचा शिधा व पाणी मावते. मात्र मंद वाऱ्यात ती रेंगाळते आणि बंदरातील चिंचोळ्या जागेत वळवण्यास अवघड जाते.

पाणी कापत जाणारी नौका स्वतः निर्माण केलेल्या लाटेत अडकते. म्हणून तिच्या वेगाची मर्यादा जलरेषेवरील लांबीच्या वर्गमूळावर अवलंबून असते. या हिशेबाने कॉन्टेसाची मर्यादा सुमारे ६.५ नॉट, तर वेस्टसेलची सुमारे ७ नॉट येते. म्हणजे जड नौकेची मर्यादा प्रत्यक्षात अधिक आहे. परंतु ती गाठण्यासाठी तिला जोरदार वारा लागतो.

वादळातील कसोटी

ऑगस्ट १९७९ मधील फास्टनेट शर्यतीत ३०३ नौका उतरल्या होत्या. वादळामुळे त्यांपैकी १०० हून कमी नौकांनी शर्यत पूर्ण केली आणि १५ स्पर्धक मृत्युमुखी पडले. सर्वांत लहान नौकांच्या गटातून केवळ ‘असेंट’ ही कॉन्टेसा ३२ अंतिम रेषेपर्यंत पोहोचली. नंतरच्या चौकशीत नौकांच्या स्थैर्याची तुलना करण्यात आली. रुंद व हलक्या शर्यती नौकांपैकी काही उलटल्यावर काही काळ तशाच राहिल्या होत्या. कॉन्टेसा मात्र सुमारे १५५ अंशांपर्यंत कलली तरी पुन्हा सरळ होऊ शकते.

ऑक्टोबर १९९१ च्या अखेरीस अटलांटिकमधील प्रचंड वादळात ‘सॅटोरी’ ही वेस्टसेल ३२ सापडली. अमेरिकन तटरक्षक दलाने तिच्यावरील तिघांना हेलिकॉप्टरने वाचवले. सोडून दिलेली नौका पुढे मेरीलँडच्या किनाऱ्यावर वाहत आली, तेव्हा ती बहुतांशी शाबूत होती.

मूल्यमापन

या दोन घटनांवरून कोणती नौका श्रेष्ठ हे ठरत नाही; कारण वादळे, अंतरे व नाविक भिन्न होते. मात्र दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली, नौकेचा खरा आकार लांबीवरून नव्हे, तर वजनावरून कळतो. दुसरी, नौकेची सहनशक्ती आणि माणसांची सहनशक्ती वेगळ्या असतात: ‘सॅटोरी’ तरली, पण तिच्यावरील माणसांना बाहेर काढावे लागले. किनाऱ्यालगत वाऱ्याविरुद्ध निसटण्याची क्षमता महत्त्वाची असेल तेथे कॉन्टेसा सरस ठरते. महिनोन्‌महिने नौकेवरच राहायचे असेल तेथे वेस्टसेल सोयीची ठरते.