जुने सीएनसी यंत्र घेताना

भिवंडी-मालेगावात जुना माग विकत घेणे ही काही नवी गोष्ट नव्हे. लोखंड पाहावे, चाकांचे दात पाहावेत, थोडा वेळ चालवून आवाज ऐकावा आणि सौदा करावा. हाच हिशेब मनात धरून आपले कारागीर बांधव आता जुने छोटे सीएनसी राऊटर घ्यायला जातात आणि फसतात. आम्हीही फसलो.

आम्हाला कापडावरच्या छपाईसाठी सागवानी ठसे लागत. म्हणून दोन फूट बाय तीन फुटांचे एक जुने यंत्र घेतले. लोखंड उत्तम होते, विक्रेत्याने समोर एक फूल कोरून दाखवले. तिसऱ्या आठवड्यात सोबतचा संगणक बंद पडला. नवा आणला तर त्याच्या पाठीमागे पंचवीस पिनांचे ते जुने पॅरलल पोर्टच नव्हते. सॉफ्टवेअर चोरीच्या प्रतीवर चाललेले, आणि मोटारींचे आकडे कोठेही लिहून ठेवलेले नाहीत. यंत्र चार महिने गोणपाटाखाली पडून राहिले.

चूक कोठे झाली हे आपल्या धंद्याच्या भाषेत सांगतो. येवल्याच्या पैठणीवाल्यांना जकार्ड ठाऊक आहे. छिद्रे पाडलेले पुठ्ठे ओळीने पुढे सरकतात आणि कोणता दोरा उचलायचा ते मागाला सांगतात. सीएनसीमध्ये पुठ्ठ्यांच्या जागी जी-कोड नावाच्या ओळी असतात. अमुक जागी जा, तमुक वेगाने जा, इतके खोल उतर. या ओळी वाचून मोटारींना विजेचे ठोके पाठवणारा जो भाग, त्याला कंट्रोल म्हणतात. जुन्या यंत्रात लोखंड वीस वर्षे टिकते. आधी मरतो तो कंट्रोल, आणि तोच आपण तपासत नाही.

तेव्हा विक्रेत्याला पहिला प्रश्न विचारावा, यंत्र कशावर चालते? बहुधा उत्तर तीनपैकी एक मिळते. हातात धरायचा डीएसपी रिमोट असेल तर संगणकाची कटकट नाही. पेनड्राइव्ह लावावा आणि काम सुरू. मात्र रिमोट बिघडला तर त्याच जातीचा मिळतो का, ते आधी पाहावे. माक-३ असेल तर सावध राहावे. त्याचे पॅरलल पोर्ट ६४-बिट विंडोजवर चालत नाही. जुना ३२-बिट संगणक सांभाळावा लागतो किंवा वेगळे मोशन बोर्ड बसवावे लागते. परवाना कोणाच्या नावावर आहे तेही विचारावे. चोरीच्या प्रतीवर कमाई करणे हलाल कसे, हा प्रश्न ज्याने त्याने स्वतःला विचारावा. तिसरा प्रकार जीआरबीएल. २००९ साली निघालेले हे मोफत सॉफ्टवेअर आर्डुइनो नावाच्या लहानशा बोर्डावर चालते. बोर्ड स्वस्त असते, जळाले तर दुसरे लावता येते.

आमचे यंत्र शेवटी लिनक्स-सीएनसीवर आले. याचे मूळ अमेरिकन सरकारच्या मोजमाप संस्थेत आहे; ते मोफत आहे आणि परवान्याची भानगड नाही. पॅरलल पोर्ट असलेला जुना मेजावरचा संगणक भंगारवाल्याकडून आणला. (लॅपटॉप घेऊ नये. त्यात ठोके वेळेवर निघत नाहीत आणि मोटार अडखळते.)

मग आकड्यांची पाळी आली. साधी स्टेपर मोटार एका फेऱ्यात २०० पावले टाकते. ड्रायव्हरने एका पावलाचे १० भाग केले तर फेऱ्याला २,००० ठोके लागतात. स्क्रू एका फेऱ्यात ५ मिलिमीटर सरकत असेल तर २,००० भागिले ५, म्हणजे मिलिमीटरला ४०० ठोके. चुकून २०० लिहिले तर १०० मिलिमीटरचा ठसा ५० चा होईल. स्क्रूचे माप ठाऊक नसेल तरी घाबरू नये. ४०० लिहून २०० मिलिमीटर जायला सांगावे आणि पट्टीने मोजावे. १६० च भरले तर ४०० गुणिले २०० भागिले १६०, म्हणजे ५०० हा खरा आकडा. हे आकडे सौदा करतानाच वहीत उतरून घ्यावेत. माक-३ असेल तर एक्सएमएल फाइलची आणि लिनक्स-सीएनसी असेल तर आयएनआय व एचएएल फाइलींची प्रत पेनड्राइव्हवर घ्यावी.

विक्रेत्याने कोरलेल्या फुलावर भुलू नये. वीज बंद करून गाडा हाताने हळूहळू सरकवावा. एखाद्या जागी अडकला तर रेल किंवा स्क्रू खराब आहे. मग ३०० बाय ४०० मिलिमीटरचा आयत कापायला सांगावे. दोन्ही कर्ण ५०० भरले पाहिजेत. त्यानंतर एक वर्तुळ. ते चार ठिकाणी चपटे निघाले तर स्क्रूत ढिलाई आहे, भाव कमी करावा. स्पिंडल तासभर चालवून आवाज ऐकावा. ४०० हर्ट्झचे स्पिंडल ५० हर्ट्झच्या सेटिंगवर सुरू केले तर जळते, म्हणून त्याच्या ड्राइव्हचे आकडेही त्याच वहीत लिहावेत. अर्थिंग आणि लाल बटण स्वतः तपासावे.

माल विकताना ऐब सांगणे विक्रेत्याचे कर्तव्य आहे, आणि लपवलेला ऐब उघडा पडला तर माल परत करण्याचा हक्क शरीअतने खरेदीदाराला दिला आहे. पण "जसे आहे तसे" असे लिहिलेल्या कागदावर सही केली की पुढे वाद होतात. सही करण्याआधी जाणकार आलिमांना विचारावे. व्याजाचे हप्ते टाळायचे असतील तर दोघा-तिघांनी शिरकत करावी; यंत्र दिवसाचे अनेक तास रिकामेच असते. कोणाचे किती तास, अवजार मोडले तर खर्च कोणाचा, हे पहिल्या दिवशी कागदावर यावे.

एक गोष्ट मात्र यंत्र करत नाही. ३ मिलिमीटरच्या गोल अवजाराने आतला कोपरा दीड मिलिमीटरच्या गोलाईपेक्षा धारदार होत नाही. पानाचे टोक, वेलीचे वळण शेवटी छिन्नीनेच साफ करावे लागते. आमच्याकडे ते काम तोच म्हातारा कारागीर करतो, ज्याची रोजी यंत्रामुळे जाईल अशी भीती सर्वांना होती. यंत्र त्याचे खोदकाम करते. कोपरे त्याचेच राहिले आहेत.