वर्दी उतरल्यानंतर उपचार कसे मिळतात?

बेंगळुरूच्या जुन्या विमानतळ रस्त्यावर हवाई दलाचे कमांड हॉस्पिटल आहे. पुणे, लखनौ, कोलकाता इथली कमांड रुग्णालये लष्कराची आहेत. हवाई दलाचे हे एकच. इथे नोकरीतला जवानही येतो आणि निवृत्त हवालदारही. मात्र दोघांची इथवर येण्याची वाट वेगळी असते. बेळगावच्या मराठा लाइट इन्फन्ट्रीतून निवृत्त होऊन बेंगळुरूत नोकरी धरणाऱ्या माणसाने आणि त्याच्या घरच्यांनी ती नीट समजून घ्यायला हवी.

नोकरीत असताना आजाराची सुरुवात युनिटच्या एमआय रूममध्ये, म्हणजे वैद्यकीय तपासणीच्या खोलीत, कळते. तिथून मिलिटरी हॉस्पिटल, गरज पडल्यास कमांड हॉस्पिटल. शिवाय ठरावीक काळाने ‘शेप’ तपासणी होते: मन, कान, हातपाय, शारीरिक क्षमता आणि डोळे. एकात जरी उणीव दिसली तरी कामाचे स्वरूप बदलू शकते आणि पुढची फेरतपासणी ठरते. जवानाने टाळले, तर युनिटच त्याला बोलावून घेते.

निवृत्तीच्या वेळी रिलीज मेडिकल बोर्ड बसते. दुखणे नोकरीमुळे जडले की नोकरीमुळे बळावले आणि अपंगत्व किती टक्के, हे तिथे ठरते. अपंगत्व निवृत्तिवेतन त्यावरच अवलंबून असते. ‘आहे ते चालवून घेऊ’ म्हणून गुडघा किंवा कान याबद्दल गप्प राहणारे पुष्कळ असतात. तसे करू नये. जुन्या इजेचा प्रत्येक कागद बोर्डापुढे ठेवावा, कारण नंतर इजेचा नोकरीशी संबंध सिद्ध करणे फार कठीण जाते.

पुढची जबाबदारी माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेची, म्हणजे ईसीएचएसची. ती 1 एप्रिल 2003 रोजी सुरू झाली. अंशदान एकदाच भरायचे. डिसेंबर 2017 मध्ये ठरलेल्या दरांनुसार हवालदारापर्यंत 30,000, नायब सुभेदार ते सुभेदार मेजर 67,000 आणि अधिकाऱ्यांना 1,20,000 रुपये. युद्धात पती गमावलेल्या वीरपत्नींना ते माफ आहे. दरमहा हप्ता नाही, वयाची मर्यादा नाही, जुने आजारही चालतात. पत्नी आणि नियमांत बसणारी अवलंबून असलेली मुले व आईवडील यांनाही कार्ड मिळते.

कार्ड घेऊन आधी ईसीएचएसच्या पॉलिक्लिनिकमध्ये जायचे. तिथला डॉक्टर तपासतो आणि औषधे देतो. तज्ज्ञाची गरज असेल तर रेफरल मिळते. सैनिकी रुग्णालयात जागा आणि सोय असेल तर तिथे, नाहीतर योजनेच्या पॅनेलवरच्या खासगी रुग्णालयात. तिथे उपचार कॅशलेस होतात, दर सरकारने ठरवलेले असतात आणि वॉर्ड हुद्द्यानुसार मिळतो.

हृदयविकार, अपघात अशा तातडीच्या वेळी रेफरलसाठी थांबू नये. पॅनेलवरच्या रुग्णालयात थेट भरती करून कार्ड दाखवावे. पॅनेलबाहेर जावे लागलेच, तर 48 तासांच्या आत जवळच्या पॉलिक्लिनिकला कळवावे, मूळ बिले आणि डिस्चार्ज समरी जपून ठेवावी. तेव्हा पैसे आधी आपण भरतो. परतावा ठरावीक दरानेच मिळतो, त्यामुळे उरलेला भार घरावर पडतो.

ही व्यवस्था दोन जागी अडखळते. पहिली औषधांची खिडकी. चिठ्ठीवर ‘एनए’, म्हणजे उपलब्ध नाही, असा शिक्का पडला, की मधुमेह किंवा रक्तदाबाची रोजची गोळी बाहेरून आणून परताव्याचा अर्ज भरत बसावे लागते. दुसरी जागा रुग्णालयांची बिले. ती थकली, की पॅनेलवरचे रुग्णालय ईसीएचएसच्या रुग्णाला घेताना हात आखडते. दोन्हींचा फटका सर्वांत वयस्क आणि सर्वांत एकट्या माणसाला बसतो.

नोकरीत असताना युनिट जवानाला शोधत येते. निवृत्तीनंतर जवानाला व्यवस्था शोधत जावे लागते. हे अंतर भरून काढणे सरकारचे काम आहे: औषधसाठा पुरेसा ठेवणे आणि बिले वेळेवर फेडणे. घरच्यांचेही एक काम आहे. कार्ड, पेन्शनचा पीपीओ, डिस्चार्ज बुक कुठे ठेवले आहे आणि जवळच्या पॉलिक्लिनिकचा नंबर काय, हे पत्नीला आणि मुलांना ठाऊक असावे. पती गेल्यावर कुटुंब निवृत्तिवेतनासोबत वीरपत्नीचा आणि सामान्य सैनिकाच्या विधवेचाही उपचाराचा हक्क चालू राहतो, हे पत्नीला आजच, पती शेजारी असतानाच सांगून ठेवावे.