गड्ड्यावर रेंज फुल, तरी नेट का अडतं?

संक्रांतीच्या सुमारास सोलापुरात सिद्धेश्वरांची यात्रा भरते. होम मैदानावरचा गड्डा, म्हणजे तिथली जत्रा, गजबजतो आणि संध्याकाळी पाळण्याच्या रांगेत एक तक्रार हमखास कानावर येते : "रेंज फुल आहे, पण पैसे जाईनात." क्यूआर कोड स्कॅन होतो, पिन टाकून होतो आणि पडद्यावर चक्र फिरत राहतं. फोनला किंवा बँकेला बोल लावण्याआधी ही विनंती कुठून कुठे जाते ते पाहू.

फोनपासून बँकेपर्यंत

फोन रेडिओ लहरींवर टॉवरशी बोलतो. सिममधल्या गुप्त किल्लीवरून मोबाइल कंपनी ग्राहकाची ओळख पटवते. टॉवरपासून पुढे अनेक ठिकाणी जमिनीखालची फायबर केबल असते. त्यातून विनंती कंपनीच्या केंद्रात, तिथून इंटरनेटवर, मग यूपीआयच्या यंत्रणेमार्फत आधी आपल्या आणि नंतर पाळणेवाल्याच्या बँकेकडे जाते. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. सोलापूर-मुंबई हे ४०० किलोमीटर अंतर धरलं, तर एका बाजूला सेकंदाचा जेमतेम पाचशेवा भाग लागतो. अडतं ते बहुधा मैदान आणि टॉवर यांच्यामधल्या काहीशे मीटरमध्ये.

रेंजच्या काड्या काय सांगतात?

टॉवरचा आवाज फोनला किती स्पष्ट ऐकू येतो, एवढंच. टॉवर कित्येक वॅटच्या ताकदीने बोलतो. ४जी फोनची कमाल ताकद साधारण ०.२ वॅट. म्हणजे टॉवर आपल्याला नीट ऐकू आला, तरी आपला क्षीण आवाज तिकडे तितकाच नीट पोचेल याची हमी नाही. शिवाय बोलायला पाळी मिळणार का, हे काड्यांवरून कळतच नाही.

खरी गोम या पाळीत आहे. टॉवरवरच्या अँटेना साधारणपणे तीन दिशा वाटून घेतात. एका दिशेच्या टप्प्यातले सगळे फोन तेवढीच ठरावीक क्षमता आपसात वाटून घेतात. ४जीमध्ये कोणाला किती जागा द्यायची, हे टॉवर सेकंदाच्या हजाराव्या भागाला नव्याने ठरवतो. गप्प असलेल्या फोनला आधी "मला बोलायचंय" असा छोटा इशारा पाठवावा लागतो. शोभेचं दारूकाम सुरू होतं आणि हजारो हात व्हिडिओ पाठवायला वर जातात, तेव्हा हे इशारे एकमेकांवर आदळतात. फोन थोडा थांबतो, पुन्हा इशारा देतो, पुन्हा आदळतो. तोवर पेमेंटची मुदत संपते. काड्या मात्र भरलेल्याच!

जाड भिंती आणि ५जी

जुन्या माळवदाच्या घरात अडचण उलटी असते. तिथे गर्दी नसते, पण ५जीसाठी वापरल्या जाणाऱ्या ३,५०० मेगाहर्ट्झच्या लहरी जाड भिंतीत लवकर क्षीण होतात. ७०० किंवा ८५० मेगाहर्ट्झच्या लहरी आतवर पोचतात, पण त्या पट्ट्यांत जागा कमी असल्याने वेग मर्यादित राहतो. घरात नेट रखडत असेल, तर खिडकीजवळ जाऊन पाहावं.

गर्दीत काय करावं?

व्हिडिओ घरी गेल्यावर पाठवावा. निरोप द्यायचा तर साधा एसएमएस करावा. त्याला फार थोडी जागा लागते. ५जी अडलं, तर सेटिंगमध्ये ४जी निवडून पाहावं. पेमेंट अडकलं की लगेच दुसऱ्यांदा पैसे पाठवू नयेत, आधी खात्यातली नोंद तपासावी. खिशात थोडी रोख असू द्यावी.

पण सगळा भार भाविकांवर टाकून भागणार नाही. मोठ्या गर्दीसाठी चाकांवरचे तात्पुरते टॉवर आणता येतात. हरवलेलं मूल शोधायला आणि रुग्णवाहिका बोलवायलाही हेच नेटवर्क लागतं. म्हणून यात्रेच्या आराखड्यात पाणी आणि स्वच्छतागृहांइतकंच या टॉवरना स्थान द्यावं, आणि ते किती, कुठे उभे राहणार हे यात्रेआधी जाहीर करावं.